व्यवहार-विवेक : बिलावरची मुदत आणि परतीचा हक्क

खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर, कोणत्याही बाजारपेठेतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानाचे बिल हाती घेतले, तर त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य बहुधा आढळते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कित्येकदा हे वाक्य छापखान्यातूनच बिलपुस्तकावर छापून येते. दुकानदाराने ते विचारपूर्वक लिहिलेले नसते आणि ग्राहकाने ते लक्षपूर्वक वाचलेले नसते. नवा दूरदर्शन संच चौथ्या दिवशी बंद पडला किंवा नव्या मोबाइलचा पडदा आठवड्यात लुकलुकू लागला, म्हणजे मात्र दोघांचेही लक्ष एकदम त्याच वाक्याकडे जाते.

व्यापारी कुटुंबांसाठी हा प्रश्न दुहेरी आहे. सकाळी स्वतःच्या गल्ल्यावर बसून ‘माल आता परत होणार नाही’ असे सांगणारी व्यक्तीच संध्याकाळी घरच्या धुलाई यंत्रासाठी दुसऱ्याच्या दुकानात ग्राहक म्हणून उभी असते. म्हणून परतीच्या मुदतीसंबंधी कायदा नेमके काय सांगतो, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी समजून घेणे अशा कुटुंबांना विशेष उपयोगाचे आहे.

कायद्यातील तीस दिवस

ग्राहकाच्या संघटित चळवळीशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशव्यापी ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर १९८६ मध्ये आला. २४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो, तो त्याच कायद्याची आठवण म्हणून. त्या कायद्याची जागा आता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने घेतली असून त्यातील बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू झाल्या आहेत.

या नव्या अधिनियमाच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशास म्हणावे याची यादी आहे. त्या यादीतील एक बाब प्रत्येक दुकानदाराने आणि प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. सदोष माल परत घेण्यास आणि त्याची किंमत परत करण्यास, बिलावर नमूद केलेल्या मुदतीत नकार देणे ही अनुचित प्रथा ठरते. बिलावर मुदतच नमूद नसेल, तर ही मुदत तीस दिवसांची धरली जाते.

याचा अर्थ नीट उलगडून पाहिला पाहिजे. बिलावर ‘सात दिवस’ लिहिले असेल, तर या तरतुदीपुरती सात दिवसांची मुदत लागू होते. ‘पंधरा दिवस’ लिहिले असेल, तर पंधरा. बिल याबाबत मुके असेल, तर तीस दिवस. ज्या दुकानदाराला वाटते की मुदत न लिहिण्यात आपली सोय आहे, त्याने प्रत्यक्षात स्वतःवर तीस दिवसांची जबाबदारी घेतलेली असते. ‘माल परत घेतला जाणार नाही’ हे छापील वाक्य तर कोणतीच मुदत सांगत नाही. ते मुदत नाकारते. सदोष मालाच्या बाबतीत त्या वाक्याच्या आडोशाने जबाबदारी टाळता येत नाही.

दोष कशाला म्हणावे, आणि कशाला नाही

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हा हक्क सदोष मालासाठी आहे. घरी नेल्यावर फ्रिजचा रंग भिंतीशी जुळत नाही, शेजाऱ्याला तोच मोबाइल स्वस्तात मिळाला, मुलाला दुसरे मॉडेल हवे होते, या कारणांसाठी माल परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्याने दिलेला नाही. ती दुकानदाराची मर्जी आहे. त्याने बिलावर किंवा जाहिरातीत तसे वचन दिले असेल, तर ते त्याला पाळावे लागते. वचन दिले नसेल, तर तो सौजन्याचा भाग राहतो.

अन्य देशांत चित्र थोडे वेगळे आहे. युरोपीय संघात घरबसल्या मागवलेली बहुतेक वस्तू कोणतेही कारण न देता चौदा दिवसांत परत करता येते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू तीस दिवसांत नाकारून पूर्ण रक्कम मागता येते. परदेशी राहणारी मुले-मुली फोनवर ‘आवडले नाही तर परत करून टाका’ असा सल्ला सहज देतात, तेव्हा तो सल्ला तेथील नियमांवर आधारलेला असतो. तो येथे जसाच्या तसा लागू होत नाही.

मात्र ‘दोष’ या शब्दाची आपल्या कायद्यातील व्याख्या पुष्कळ व्यापक आहे. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांत कायद्याने, कराराने अथवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यानुसार जी पूर्तता असावयास हवी, तिच्यातील उणीव म्हणजे दोष. ‘विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा’ हे शब्द मोलाचे आहेत. ‘या फ्रिजला स्टॅबिलायझर लागतच नाही’ किंवा ‘हा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे सहा तास चालवेल’ असे दुकानात सांगितले गेले असेल आणि ते खरे ठरले नाही, तर वस्तू चालू असूनही ती सदोष ठरू शकते. पुढे वाद झाला, तर तोंडी दावा सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून असा महत्त्वाचा दावा बिलावर किंवा निदान संदेशात लिहून घेणे शहाणपणाचे.

मुदती चार, सुरुवात बहुधा एकच

इलेक्ट्रॉनिक वस्तू घेतली, की एकाच वेळी चार वेगवेगळ्या मुदती मोजल्या जाऊ लागतात. बहुतेक तंटे या चारही मुदतींची सरमिसळ केल्यामुळे उद्भवतात.

पहिली मुदत विक्रेत्याच्या परतीची किंवा बदलीची. ही दुकानागणिक बदलते. मोठ्या ऑनलाइन विक्रीस्थळांवर मोबाइल, लॅपटॉप यांसाठी ती साधारण सात ते दहा दिवसांची असते, आणि तीही बहुतेक वेळा पैसे परत देण्याची नसून वस्तू बदलून देण्याची असते.

दुसरी मुदत वर सांगितलेल्या तीस दिवसांची. बिल मुके असेल, तेव्हा ती लागू होते.

तिसरी मुदत उत्पादक कंपनीच्या वॉरंटीची. ती बहुधा एक वर्षाची असते आणि मुख्यतः दुरुस्तीसाठी असते. येथे ठळक अक्षरांतील आकड्यांना भुलू नये. फ्रिजच्या दारावर ‘१० वर्षे’ असे चिकटवलेले असते, पण ती दहा वर्षे बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असतात. उरलेल्या फ्रिजची वॉरंटी एका वर्षात संपते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर दोन आकड्यांची बेरीज लिहिलेली असते. पहिल्या काळात बॅटरी मोफत बदलून मिळते. दुसऱ्या काळात वापर झाल्याच्या प्रमाणात रक्कम कापून नव्या बॅटरीच्या किमतीत केवळ सवलत मिळते. दोन्ही आकडे एकत्र करून ‘साडेचार वर्षांची गॅरंटी’ असे समजणे ही ग्राहकाची फसगत ठरते.

चौथी मुदत तक्रारीची. अधिनियमाच्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दुकानाची सात दिवसांची मुदत टळली म्हणजे सारेच संपले, असे नव्हे. वस्तू परत घेण्याचा विक्रेत्याचा कालावधी संपतो, परंतु निर्मितीतील दोषासाठी दुरुस्ती, बदली किंवा भरपाई मागण्याचा मार्ग उघडा राहतो. उलट, दोन वर्षे फोनवर विनवण्या करण्यात घालवली आणि लेखी काहीच केले नाही, तर भक्कम तक्रारसुद्धा मुदतबाह्य होऊ शकते.

पहिल्या तीन मुदती सामान्यतः बिलाच्या किंवा वस्तू ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून मोजल्या जातात, खोके उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. आपल्याकडील खरेदीच्या पद्धतीत नेमकी येथेच गफलत होते. धनत्रयोदशीला, पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला मुहूर्तावर वस्तू घरी येते आणि गरज पडेपर्यंत बंद खोक्यात राहते. फेब्रुवारीत सवलतीत घेतलेला कूलर विदर्भातील ऊन तापू लागल्यावर, एप्रिलमध्ये बाहेर निघतो. लेकीला आंदण म्हणून द्यायच्या वस्तू तर महिना-दीड महिना आधीच घेऊन ठेवलेल्या असतात.

समजा, एका कुटुंबाने लोणारमधून १८ ऑक्टोबरला फ्रिज घेतला. लग्न २८ नोव्हेंबरला झाले आणि मुलीच्या सासरी तो १ डिसेंबरला प्रथम सुरू केला गेला. त्या दिवशी तो थंडच होत नाही, असे आढळले. बिलावर मुदत नव्हती, म्हणून तीस दिवस मिळाले असते, परंतु ते १७ नोव्हेंबरलाच संपले. आता उरली वॉरंटी, म्हणजे नव्या कोऱ्या फ्रिजची दुरुस्ती. रक्कम बुडाली नाही, तरी सासरच्या पहिल्याच आठवड्यात कारागीर घरी येऊन नवा फ्रिज उघडून बसतो, ही गोष्ट त्या मुलीला आणि दोन्ही घरांना अवघडून टाकणारी आहे. खरेदीच्या दिवशीच दुकानात फ्रिज चालू करून पाहिला असता, किंवा ‘परतीची मुदत पोहोचवल्याच्या तारखेपासून’ असे बिलावर लिहून घेऊन लग्नानंतरची डिलिव्हरी ठरवली असती, तर हा प्रसंग टळला असता.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२४ मध्ये घरगुती उपकरणांच्या कंपन्यांना आवाहन केले होते, की वॉरंटी खरेदीच्या दिवसापासून न धरता उपकरण बसवल्याच्या दिवसापासून धरावी. सणासुदीला वस्तू घेऊन ती नंतर बसवली जाते, हेच त्यामागील कारण होते. हे आवाहन आहे, कायदा नव्हे. म्हणून ज्या कंपनीने ते स्वीकारले असेल तिच्याच वॉरंटी कार्डावर तसे लिहिलेले आढळेल. कार्ड वाचूनच खात्री करावी.

कच्चे बिल आणि पक्के बिल

या सर्व मुदतींचा पाया म्हणजे बिल. तरीही ‘पक्के बिल हवे की कच्चे’ हा प्रश्न आजही अनेक काउंटरवर विचारला जातो. कराचे काही हजार रुपये वाचतात म्हणून ग्राहक साध्या चिठ्ठीवर समाधान मानतो. त्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नसते, अनुक्रमांक नसतो, कधी कधी तारीखही नसते. अशी चिठ्ठी घेऊन सात दिवस कोठून मोजायचे आणि तीस दिवस कोठून? स्थानिक कारागिराकडून घेतलेला पत्र्याचा कूलर, सुटी मोटर, पंप या वस्तूंच्या बाबतीत तर हा अनुभव फार येतो. कर बुडवण्यात भागीदार होणे अयोग्य आहेच. केवळ हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तरी वाचलेल्या रकमेच्या बदल्यात ग्राहक परतीचा हक्क, कंपनीची वॉरंटी आणि तक्रारीचा पुरावा या तिन्ही गोष्टी गमावतो.

विहित नमुन्यातील बिल न देणे हीसुद्धा २०१९ च्या अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्रेत्याचे नाव व पत्ता, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, वस्तूचे वर्णन व संख्या, करपात्र मूल्य, सवलत, कराचा दर आणि स्वाक्षरी हा तपशील बिलात असावयास हवा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक किंवा उपकरणाचा अनुक्रमांक खोक्यावर, वस्तूवर आणि बिलावर एकच आहे का, हे दुकानातच ताडून घ्यावे. मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की हा क्रमांक पडद्यावर दिसतो. उष्णतेने छापलेली चकचकीत कागदावरची बिले काही महिन्यांत पुसट होतात. म्हणून त्याच दिवशी बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे.

दुकानातील खरेदी आणि ऑनलाइन खरेदी

ऑनलाइन खरेदीसाठी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० स्वतंत्रपणे लागू आहेत. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांची नसेल किंवा सांगितलेल्या दिवसापेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेता ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देऊ शकत नाही. उशिराच्या बाबतीत अपरिहार्य आपत्तीचा अपवाद आहे. परतीच्या, बदलीच्या आणि वॉरंटीच्या अटी खरेदीपूर्वीच दाखवणे बंधनकारक आहे. विक्रीस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असा नियम आहे.

व्यवहारात काही पथ्ये पाळावीत. महाग वस्तूसाठी पोहोचवणाऱ्यासमोर खोके उघडून पाहण्याची सोय असेल, तर तीच निवडावी आणि वस्तू पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नये. ओटीपी सांगणे म्हणजे वस्तू ठीक मिळाल्याची पावती दिल्यासारखेच असते. तशी सोय नसेल, तर पत्त्याची चिकटपट्टी दिसेल अशा रीतीने खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे. खोके, थर्माकोल, केबल, माहितीपुस्तिका यांपैकी काहीही परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नये. मोठ्या दूरदर्शन संचाचे खोके मात्र स्वतः उघडू नये. कंपनीचा माणूस बसवायला येईल तेव्हाच ते उघडावे. पडद्याला गेलेला तडा वाहतुकीतला की घरातला, हा वाद बहुतेक वेळा ग्राहकाच्या विरुद्ध जातो.

मोबाइल किंवा लॅपटॉप पहिल्याच दिवसांत बंद पडला, तर पुष्कळ कंपन्या अधिकृत सेवा केंद्राचे ‘वस्तू मुळातच सदोष आली’ असे प्रमाणपत्र मागतात. हे प्रमाणपत्र ठरावीक दिवसांतच मिळते. जवळ त्या कंपनीचे सेवा केंद्र नसेल आणि संग्रामपूर किंवा सिंदखेड राजाहून मोठ्या गावी जावे लागणार असेल, तर ‘येत्या रविवारी पाहू’ या एका वाक्यात निम्मी मुदत निघून जाते. म्हणून खरेदीपूर्वीच सेवा केंद्र कोठे आहे, हे विचारून घ्यावे. काही शे रुपयांच्या सवलतीपेक्षा जवळचे सेवा केंद्र अधिक मोलाचे ठरते.

हप्त्यांवरील खरेदी

मासिक हप्त्यांवर वस्तू घेतली, तर एकाऐवजी दोन करार होतात. एक दुकानदाराशी खरेदीचा आणि दुसरा वित्तसंस्थेशी कर्जाचा. वस्तू परत केली म्हणजे कर्ज आपोआप मिटत नाही. दुकानदाराने रक्कम वित्तसंस्थेला परत करावी लागते आणि नंतर तिने कर्जखाते बंद करावे लागते. या मधल्या काळात हप्त्याची तारीख आली, तर बँक खात्यातून हप्ता वळता होतोच. वस्तू परत केली आहे म्हणून खात्यात शिल्लक न ठेवणे हा घातक मार्ग आहे. हप्ता थकल्याची नोंद पतमाहिती अहवालात जाते, आणि व्यापारी माणसाला पुढे दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी बँकेत जायचे असते, तेव्हा त्या दोन हजारांच्या नोंदीचे उत्तर द्यावे लागते. वस्तू परत केल्याची लेखी पोच दुकानदाराकडून घ्यावी, तिची प्रत वित्तसंस्थेला पाठवावी आणि कर्जखाते बंद झाल्याचे पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही, हेही आधीच गृहीत धरावे.

दुकानाच्या नावावर घरची वस्तू

व्यापारी कुटुंबांत आढळणारी आणखी एक सवय येथे तपासून पाहिली पाहिजे. घरचा वातानुकूलक किंवा फ्रिज पेढीच्या नावावर, जीएसटी क्रमांक टाकून घेतला जातो. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार खासगी वापराच्या वस्तूंवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. त्याशिवाय दुसरा तोटा असा, की ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार ‘व्यापारी प्रयोजनासाठी’ वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. पेढीच्या नावावरील बिल दाखवून ‘हा ग्राहकच नव्हे’ असा बचाव विक्रेत्याला आयता मिळतो.

याचा अर्थ व्यावसायिकाला या कायद्याचा आधार कधीच नसतो, असा मात्र नव्हे. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू या अपवादातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ मधील निकालात या भेदाचे विवेचन केले आहे. देऊळगाव राजात एकच झेरॉक्स यंत्र घेऊन ते स्वतः चालवणारा माणूस ग्राहक ठरू शकतो. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात, खरेदीचा प्रधान हेतू नफा मिळवणे हा होता की नाही, हे पाहावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आणि त्या संस्थेला ग्राहक मानले. कसोटी प्रयोजनाची आहे. म्हणून घरची वस्तू घराच्या नावावर आणि दुकानाची दुकानाच्या नावावर, ही साधी शिस्त दोन्हीकडे हिताची.

दुकानदाराच्या बाजूने

आता काउंटरच्या दुसऱ्या बाजूने पाहू. दुकानदाराची अडचण खरी आहे. ग्राहकाकडून परत घेतलेला मोबाइल कंपनी किंवा वितरक परत घेईलच, याची खात्री नसते. उघडलेल्या खोक्यातील वस्तू नव्या किमतीला विकता येत नाही. काही ग्राहक घरच्या कार्यापुरता संच वापरून तो ‘बिघडला’ म्हणून परत आणतात, हेही घडते. म्हणूनच मुदत आणि अटी स्पष्ट लिहिणे दुकानदाराच्या अधिक हिताचे आहे. ‘सदोष आढळल्यास बिलाच्या तारखेपासून इतक्या दिवसांत बदलून अथवा परत, खोके व सर्व सुटे भाग आवश्यक, पडल्याने, पाण्याने किंवा विजेच्या दाबाने झालेले नुकसान वगळून’ असा मजकूर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत बिलावर छापावा आणि विक्रीच्या वेळी एकदा तोंडी सांगावा. मुदत ठरवताना वितरकाकडून आपल्याला किती दिवस मिळतात, ते पाहावे. ग्राहकाला दिलेली मुदत त्या आत बसणारी असली, तर माल अंगावर पडत नाही.

‘कंपनीकडे जा, आमचा संबंध नाही’ हे उत्तर मात्र टिकणारे नाही. पैसे दुकानदाराने घेतले आहेत आणि बिल त्याचे आहे. आयोगापुढे तक्रार गेली, तर कंपनीबरोबर त्यालाही उत्तर द्यावे लागते. माल परत घेतल्यावर हिशेबाचीही एक मुदत आहे. परतीसाठी क्रेडिट नोट काढून कराची जबाबदारी कमी करून घ्यावयाची असेल, तर विक्रीचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जी आधी येईल तोपर्यंत, ती विवरणपत्रात दाखवावी लागते.

नकार मिळाला तर

मुदतीच्या आत दोष आढळला, की पहिली गोष्ट लेखी कळवणे. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये एक उपयुक्त तत्त्व आहे. माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने तो स्वतः उचलून विक्रेत्याकडे नेऊन टाकलाच पाहिजे, असे नाही. वेगळा करार नसेल, तर माल स्वीकारत नसल्याचे कळवणे पुरेसे असते. त्याच अधिनियमानुसार, वाजवी काळापर्यंत काही न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणून दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर बिलाच्या छायाचित्रासह तारखेचा संदेश, आणि रक्कम मोठी असल्यास नोंदणीकृत पत्र, हे त्याच दिवशी पाठवावे. फोनवरील आश्वासन मुदतीच्या हिशेबात धरले जाईल, या भरवशावर राहू नये.

त्यानंतरही दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बरीच प्रकरणे या टप्प्यावरच मिटतात. न मिटल्यास बुलढाणा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग आहे. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तू-सेवांच्या तक्रारी जिल्हा आयोग ऐकतो, आणि पाच लाखांपर्यंत त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या अधिनियमाने दिली आहे. विक्रेता बंगळुरूचा असला, तरी जळगाव जामोदच्या ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, वकील नेमणे सक्तीचे नाही आणि मध्यस्थीने मिटवण्याची सोयही आहे. वस्तूची तपासणी आवश्यक नसेल तर तीन महिन्यांत आणि आवश्यक असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. म्हणून लहान रकमेच्या बाबतीत दुकानदाराशी सामोपचाराने बोलणे हाच पहिला मार्ग. मात्र बोलणी चालू असताना लेखी नोंद थांबवू नये.

ध्यानात ठेवण्यासारखे

खरेदीपूर्वी परतीची मुदत आणि सेवा केंद्राचे ठिकाण विचारावे. पक्के बिल घ्यावे आणि क्रमांक ताडून पाहावेत. वस्तू आली त्याच दिवशी, मुहूर्त असो वा नसो, एकदा चालू करून पाहावी. परतीचा शेवटचा दिवस घरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. दोष दिसताच तारखेसह लेखी कळवावे. खोके मुदत संपेपर्यंत जपावे.

जुन्या पेढ्यांवर हुंडीची मुदत चुकली, तर पत जात असे. मुदत लक्षात ठेवण्याचे ते वळण व्यापारी घरांत मुळातच आहे. तेच घरच्या खरेदीलाही लावले, आणि स्वतःच्या दुकानातील बिलपुस्तक पुढच्या वेळी छापायला देताना तळाचे ते जुने वाक्य काढून त्या जागी दिवसांचा स्पष्ट आकडा लिहिला, तर ग्राहकाचे पैसे वाचतील आणि दुकानाची पतही वाढेल.